वॉटरक्रेस घरी लावायची तर: झरा नको, ताजं पाणी हवं

वॉटरक्रेस, म्हणजे पाण्यालगत वाढणारी आणि कच्ची खायची तिखट पालेभाजी, लावायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: वाहतं पाणी कुठून आणायचं? फोटो पाहिले तर शंका रास्तच वाटते. खडीच्या उथळ वाफ्यांतून नितळ पाणी चाललंय आणि त्यावर पानांची दाट हिरवी साय धरलीये. घरात असलं काही उभं करायचं म्हणजे पंप, पाइप, गळती आणि घरच्यांची बोलणी. पण वॉटरक्रेसला पाण्याच्या वाहण्याशी तसं काही देणंघेणं नसतं. वाहतं पाणी गार असतं आणि त्यात हवा मिसळलेली असते, तिला हवं असतं ते एवढंच. या दोन्ही गोष्टी एक कुंडी आणि एक खोलगट ताट यांत जमतात. बदल्यात पाणी बदलण्याचं काम मात्र न चुकता करावं लागतं.

हे मला पहिल्या फटक्यात कळलं नव्हतं. मी भोक नसलेल्या टबात माती भरली, वर बोटभर पाणी ठेवलं आणि छाटे खोचून दिले. पाणवनस्पतीला पाणी दिलं, आणखी काय हवं? दहा-बारा दिवस वाढ झपाट्याने झाली. मग खालची पानं पिवळी पडायला लागली. एक काडी उपटून पाहिली तर मुळं चहाच्या रंगाची, बोटांत धरली की साल निसटून आत नुसता दोरा उरायचा, आणि टबातून सडक्या अंड्यांचा वास. साचलेल्या पाण्यातला प्राणवायू संपला होता आणि पाण्यातली वनस्पती पाण्यातच गुदमरून मेली होती. पुढचं सगळं त्या टबाने शिकवलेलं आहे.

नेमकी कोणती क्रेस?

बी घेण्याआधी हा घोळ मिटवून घ्या. ‘क्रेस’ नावाने दोन वेगळ्या वनस्पतींचं बी मिळतं. एक आपला अळीव, म्हणजे गार्डन क्रेस, शास्त्रीय नाव लेपिडियम सॅटायव्हम. त्याचं बी लांबट, तांबूस, भिजवलं की चिकट होणारं. दुसरी आपली वॉटरक्रेस, नॅस्टर्शियम ऑफिसिनेल. तिचं बी राईहून कितीतरी बारीक, तपकिरी, जवळजवळ धुळीसारखं. शिवाय नारिंगी-पिवळ्या फुलांची ‘नॅस्टर्शियम’ नावाची जी बागेतली वेल असते तिचं शास्त्रीय नाव ट्रोपिओलम, आणि तिचा वॉटरक्रेसशी नावापुरताच संबंध. दोघींच्या पानांना तिखट झाक असते, त्यावरून हे नाव चिकटलं. पाकिटावर शास्त्रीय नाव नसेल तर ते पाकीट घेऊ नका.

वॉटरक्रेस मोहरीच्या कुळातली. मूळ युरोप आणि पश्चिम-मध्य आशियातली, बहुवर्षायू, पोकळ देठांची. पाण्यालगत पसरत जाते आणि जिथे पेर ओलाव्याला टेकलं तिथे मूळ धरते. रानातून गोळा करून ती लोक फार पूर्वीपासून खात आले. इंग्लंडमध्ये तिची व्यापारी लागवड विल्यम ब्रॅडबेरी यांनी १८०८ मध्ये केंटमधल्या एब्सफ्लीट नदीकाठी सुरू केली. पुढे हॅम्पशरमधलं ॲल्रेसफर्ड हे गाव या पिकासाठी नावारूपाला आलं. तिथलं झऱ्यांचं पाणी चुनखडीतून झिरपून येतं आणि बारा महिने साधारण १० ते ११ अंश सेल्सिअसच्या आसपास राहतं. चुना आणि गारवा, हे दोन शब्द लक्षात ठेवा. पुढे लागतील.

रानातली का नको

ओढ्याकाठी फुकट उगवलेली दिसते, मग घरी लावायचा खटाटोप कशाला? कारण यकृतातला चपटा जंत, फॅसिओला हेपाटिका. गुरं-मेंढ्यांच्या शेणातून त्याची अंडी पाण्यात येतात, अळी पाण्यातल्या गोगलगायीत वाढते, तिथून बाहेर पडून पाणवनस्पतींच्या देठा-पानांवर कवच करून चिकटते. ती पानं कच्ची खाल्ली की जंत माणसाच्या यकृतात. नुसतं धुऊन हे कवच हमखास निघत नाही. शिजवल्यावर धोका जातो, पण वॉटरक्रेसची खरी मजा कच्ची खाण्यात. घरी नळाच्या पाण्यावर वाढवली की शेण आणि गोगलगाय हे दोन्ही दुवे तुटतात. म्हणूनच तळ्याचं, ओढ्याचं किंवा गोगलगायी असलेल्या मत्स्यटाकीचं पाणी या कुंडीला द्यायचं नाही. पाणी ‘पौष्टिक’ आहे वगैरे कोणी सांगितलं तरी नाही. रानात तिच्यासारख्या दिसणाऱ्या, गाजराच्या कुळातल्या विषारी पाणवनस्पतीही असतात, हे आणखी एक.

बी की छाटे?

ताज्या जुडीतून चार-पाच टणक काड्या मिळत असतील तर छाटेच लावा. वेळ बराच वाचतो. दहा-बारा सेंटिमीटरची काडी घ्यायची, खालच्या अर्ध्या भागातली पानं काढून टाकायची आणि पेलाभर पाण्यात पेरं बुडतील अशी उभी करायची. पेला थेट उन्हात नको, उजेडात हवा. पाणी रोज बदला. काडी नीट पाहिलीत तर पेरांजवळ आधीपासूनच पांढरे बारीक टोचे आलेले दिसतात, सुईच्या टोकाएवढे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांचे धागे होतात आणि आठवड्याभरात पेल्यात पांढऱ्या मुळांची दाढी लोंबायला लागते. मुळं दोन-तीन सेंटिमीटर झाली की काड्या कुंडीत हलवा. जास्त दिवस पेल्यात ठेवल्या तर मुळं एकमेकांत गुंततात आणि सोडवताना तुटतात.

जुडी कोणत्या पाण्यावर वाढली याची खात्री नसेल तर या काड्यांची जुनी पानं खाऊ नका. त्यांना नवे शेंडे फुटू द्या, ते शेंडे खुडून पुन्हा ताज्या पाण्यात रुजवा आणि ती दुसरी पिढी कुंडीत लावा. तीन आठवडे लांबतात, पण मन निर्धास्त राहतं. रानातली काडी असेल तर एवढाही विचार करू नका, बियांपासून सुरुवात करा.

बी लावायचं तर कुंडीतली माती आधी भिजवून सपाट करा आणि बी वर नुसतं भुरभुरा. चिमूटभर कोरड्या बारीक वाळूत कालवून टाकलं तर एका जागी ढीग पडत नाही. वरून माती घालू नका. बी इतकं बारीक असतं की मातीखाली गेलं तर वर येण्याएवढी ताकद त्याच्यात नसते, आणि उजेडही त्याला लागतो. वरून झारीने पाणी घातलं तर सगळं बी एका कडेला वाहून जातं, म्हणून कुंडी पाण्याच्या ताटात ठेवून माती खालून भिजू द्या. वर पारदर्शक झाकण किंवा प्लास्टिक सैल टाका. १५ ते २० अंशांच्या आसपास एक ते दोन आठवड्यांत हिरवे ठिपके दिसतात. ते दिसले की झाकण काढा, नाहीतर कोंदट हवेत कोवळी रोपं बुंध्याशी सडून आडवी होतात. रोपांना तीन-चार खरी पानं आली की विरळणी करा, दोन रोपांत आठ-दहा सेंटिमीटर ठेवा. उपटलेली रोपं खाऊन टाका, तीच तुमची पहिली काढणी.

कुंडी, ताट, माती

मुळं उथळ असतात, त्यामुळे खोल कुंडीचा उपयोग नाही. रुंदी जितकी जास्त तितकं बरं. २० ते २५ सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर खोल, तळाला भोकं असलेली कुंडी, आणि तिच्याखाली पाच-सहा सेंटिमीटर खोल ताट किंवा पसरट टब. अशा कुंडीत पाच-सहा छाटे पुरतात. रंग फिकट असला तर उत्तम, काळं प्लास्टिक उन्हात तापून मुळं शिजवतं. मातीची कुंडी घाम सुटल्यासारखी ओली राहते आणि त्या बाष्पीभवनाने मुळांना गारवा मिळतो. माझी पसंती तिलाच.

मिश्रण साधं: दोन भाग चांगली बागेची माती, एक भाग पूर्ण कुजलेलं चाळलेलं कंपोस्ट, एक भाग जाड वाळू. नुसतं कोकोपीट वापरू नका, पाणी चढलं की ते तरंगतं आणि रोपं कलतात. शेणखत घालायचं तर जुनं, काळं, वास नसलेलं. ही पानं कच्ची खायची आहेत हे विसरायचं नाही, म्हणून ताजं शेण, त्याचा काला किंवा अर्धवट कुजलेलं खत या कुंडीच्या जवळपासही नको. रोपं रुजली की मातीवर बारीक खडीचा एक थर पसरा. खडीमुळे पाणी घालताना चिखल पानांवर उडत नाही, आणि आडव्या लोळणाऱ्या देठांना मुळं धरायला स्वच्छ जागा मिळते.

पाणी: सगळा खेळ इथेच

ताटात नेहमी दोन-तीन सेंटिमीटर पाणी असू द्या, म्हणजे कुंडीचा तळ पाण्यात आणि वरचा भाग हवेत. खालची मुळं पाणी पितात, वरची श्वास घेतात. माती पूर्ण बुडवली की त्या टबाची पुनरावृत्ती.

दर दोन दिवसांनी, गरमीत रोज, ताटातलं पाणी ओतून टाका आणि नवं घाला. नुसती भर घालणं म्हणजे बदलणं नव्हे, हे अधोरेखित करून सांगतो, कारण बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. पाणी उडून जातं तेव्हा क्षार मागे राहतात, शेवाळ धरतं, प्राणवायू घटतो. वर भर घालत राहिलात तर ताट भरलेलं दिसतं आणि आतलं पाणी शिळंच राहतं. नवं पाणी कुंडीच्या वरून, थोडं उंचावरून धार धरून ओता. ते मातीतून झिरपत ताटात उतरतं, जाताना आपल्यामागे हवा आत ओढतं आणि जुने क्षार धुऊन काढतं. तुमच्या कुंडीतला झरा तो एवढाच, दोन मिनिटांचा. ओतून काढलेलं पाणी दुसऱ्या झाडांना चालतं.

रोज बदलल्याने आणखी एक काम होतं: डासांच्या अळ्यांना वाढायला अवधी मिळत नाही. डासाला अंड्यातून पंख फुटेपर्यंत साधारण आठवडा तरी लागतो. ताटाची कड मात्र हाताने घासून घ्या, अंडी कडेला चिकटून राहू शकतात.

कोणतं पाणी? चुनखडीची आठवण इथे येते. वॉटरक्रेसला कॅल्शियम असलेलं, किंचित अल्कधर्मी पाणी मानवतं; सामू ६.५ ते ७.५ असला की पुरे. ज्या जड पाण्याने नळावर पांढरे डाग पडतात त्याला ती नावं ठेवत नाही. उलट आरओचं पाणी तिला कोरडंच, त्यात कॅल्शियम जवळजवळ उरलेलंच नसतं. पाणी मऊ करणाऱ्या यंत्रातलं पाणीही टाळा, त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेलं असतं. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर बादली रात्रभर उघडी ठेवून सकाळी वापरा.

ज्यांना रोजचं ओतणं जमणार नाही त्यांच्यासाठी दुसरी वाट: मत्स्यटाकीचा छोटा हवा-पंप. झाकण असलेला अपारदर्शक डबा घ्या, झाकणाला भोकं पाडून त्यांत जाळीच्या छोट्या कुंड्या बसवा, आत पाणी आणि पालेभाज्यांचं हायड्रोपोनिक (मातीशिवाय नुसत्या पाण्यात वाढवायचं) खत निम्म्या मात्रेने, आणि तळाशी बुडबुडे सोडणारा दगड. डबा अपारदर्शक हवाच, पाण्याला उजेड मिळाला की चार दिवसांत शेवाळाचं साम्राज्य. पाणी दहा-पंधरा दिवसांनी बदलावं लागतं. वाढ कुंडीपेक्षा जोरात होते. पण वीज गेली आणि पंप गरमीत बराच वेळ बंद राहिला तर मुळं लगेच कोमेजायला लागतात, म्हणून मी अजून ताटाकडेच आहे.

ऊन आणि गारवा

हवा १० ते २० अंशांत असेल तर पाच-सहा तास थेट ऊन द्या, ती फुलून येते. पारा २५ च्या वर जायला लागला की फक्त सकाळचं कोवळं ऊन, आणि दुपारी सावली किंवा ५० टक्क्यांची शेडनेट. त्यापुढच्या गरमीत ती वाढ थांबवते, पानं लहान आणि जहाल तिखट होतात. हवेपेक्षा मुळांचं तापमान महत्त्वाचं आहे. हात बुडवून पाहा: ताटातलं पाणी कोमट लागलं तर ताबडतोब बदला. कुंडीभोवती ओलं पोतं गुंडाळणं हा जुना आणि खात्रीचा उपाय. कडाक्याच्या थंडीत पानांना जांभळट-तपकिरी छटा येते, ती रोगाची नसते. हिमाने वरची पानं करपली तरी पाण्यालगतचा भाग बहुधा जगतो आणि पुन्हा फुटतो.

खत

थोडं आणि पातळ. दर दोन आठवड्यांनी, सांगितलेल्या मात्रेच्या निम्म्याने, पालेभाज्यांचं द्रवखत मातीत. पानांवर फवारू नका. जुनी, खालची पानं फिकट पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे. कोवळी शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या तर लोह कमी पडतंय. अल्कधर्मी पाण्यात आणि थंडीत वॉटरक्रेसला हा त्रास नेहमीचा, चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, चिमूटभर पाण्यात देऊन तो हटतो. आणि सगळंच मलूल दिसत असेल तर खताच्या बाटलीला हात लावण्याआधी एक मूळ काढून बघा. पांढरं असेल तर खताचा विचार करा. तपकिरी असेल तर पाण्याचा.

किडी

मोहरीच्या कुळावर जे जे येतं ते इथेही येतं. मावा कोवळ्या शेंड्यांत दाटीने बसतो. कुंडीच उचलून पालथी धरा आणि शेंडे पाण्याच्या बादलीत बुडवून हलवा, बहुतेक मावा सुटतो. कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखराच्या हिरव्या अळ्या हाताने वेचा. पानांना टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं दिसली तर ते उडद्या भुंगेऱ्यांचं काम. सगळ्यात चिवट म्हणजे चौकोनी ठिपक्यांचा पतंग, कीटकनाशकांना दाद न देण्याबद्दल जगभर बदनाम. हवाईतल्या वॉटरक्रेसच्या शेतांनी त्यावर पाण्याचाच उतारा काढला: वरून तुषार सोडले की पतंगांच्या मीलनात आणि अंडी घालण्यात व्यत्यय येतो, हे तिथल्या १९८० च्या दशकातल्या अभ्यासात दिसलं. घरी संध्याकाळी पानांवर जोरदार फवारा मारणं त्याच जातीचा उपाय आहे. बारीक जाळी टाकली तर निम्मी कटकट वाचते. विषारी फवारणी करू नका. पान कच्चं खायचंय, आणि औषध ताटातल्या पाण्यात उतरून मुळांपाशीच साचतं.

खुडणी

छाट्यांपासून चार-पाच आठवड्यांत, बियांपासून सहा ते आठ आठवड्यांत शेंडे दहा-पंधरा सेंटिमीटर होतात. सकाळी, कात्रीने, पेराच्या किंचित वर कापा, आणि खाली दोन-तीन पेरं पानांसकट राहू द्या. त्या प्रत्येक पेरातून नवा फाटा येतो. पहिल्यांदा एक तृतीयांशापेक्षा जास्त नेऊ नका. हात आखडता घेऊन उपयोग मात्र नाही: न खुडलेली वॉटरक्रेस लांबुळकी, विरळ आणि कडवट होते. दर आठ-दहा दिवसांनी शेंडे काढत राहिलात तर ती दाट होते.

कापलेले शेंडे वाहत्या पाण्यात धुवा, देठ पेल्यातल्या पाण्यात बुडवून वर पिशवी सैल टाका आणि फ्रिजमध्ये ठेवा. तीन-चार दिवस टवटवीत राहतात. नुसत्या पिशवीत कोंबले तर दुसऱ्याच दिवशी पिवळे.

तिखटपणाची गंमत पाहायची असेल तर एक पान अख्खं जिभेवर ठेवा, चावू नका. काहीच लागत नाही. चावलं की क्षणभराने नाकात झणका जातो. पानातलं ग्लुकोनॅस्टर्टिइन नावाचं द्रव्य आणि मायरोसिनेज नावाचं विकर पेशींत वेगवेगळं ठेवलेलं असतं. पान फाटलं की दोन्ही भेटतात आणि मोहरीच्या तिखटाचं भावंड तयार होतं. उष्णतेने हे विकर निकामी होतं, म्हणून सूपमध्ये घालायची तर आच बंद केल्यावर घाला. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ‘प्रिव्हेंटिंग क्रॉनिक डिसीज’ या नियतकालिकातल्या ४१ फळं आणि भाज्यांच्या यादीत वॉटरक्रेस १०० गुणांनी पहिली होती, हे सगळीकडे छापून येतं. गुण कॅलरीच्या हिशेबाने दिले होते, आणि १०० ग्रॅम वॉटरक्रेसमध्ये कॅलरी जेमतेम ११. तेवढी एका बैठकीत कोण खातं? तरी त्या १०० ग्रॅममध्ये के जीवनसत्त्व सुमारे २५० मायक्रोग्रॅम असतं हे खरं, आणि वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर रोज खायला लागण्याआधी डॉक्टरांना विचारा.

फुलं आली की

दिवस मोठे आणि गरम झाले की शेंडा उंच सुटतो आणि चार पाकळ्यांची बारीक पांढरी फुलं येतात. कळ्या दिसताच शेंडा खोलवर कापा, दोनेक आठवडे आणखी मिळतात. नंतर चव कडवट होते. एखादी काडी बियांसाठी सोडा. एक-दोन सेंटिमीटरच्या वाकड्या शेंगा पिवळ्या पडायला लागल्या की त्यांवर कागदी पिशवी बांधा, वाळलेली शेंग फुटून बी उडून जातं.

उरलेला पसारा कंपोस्टमध्ये टाका, ओढ्यात किंवा नाल्यात नको. एवढ्याशा पेरातून ती तग धरते. न्यूझीलंडमध्ये बाहेरून नेलेल्या वॉटरक्रेसने १९व्या शतकात क्राइस्टचर्चची एव्हन नदी इतकी भरून टाकली होती की ती उपसत बसावी लागे.

गरमीत कुंडी वाचवण्याच्या फंदात मी आता पडत नाही. कुंडी मरायच्या आधी चार चांगले शेंडे काढतो, घरातल्या सगळ्यात गार खिडकीत पेल्यात ठेवतो आणि रोज सकाळी चहाचं आधण ठेवता ठेवता त्यांचं पाणी बदलतो. मुळं वाढत राहतात, पानं दोन-चारच येतात, दर दोन-तीन आठवड्यांनी शेंडे खुडून नवा पेला करावा लागतो. हवा गार झाली की त्याच चार काड्या पुन्हा कुंडीत.